आवाज कसा आला?

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला आमची जीप चालू झाली नाही, ही गोष्ट एव्हाना माझ्या डोक्यातून निघून जायला हवी होती. मुरबाडच्या शेतावर भाताची लावणी चालू होती. मी खताच्या दोन गोण्या, ताडपत्री आणि आईने पहाटे उठून केलेल्या भाकऱ्यांचा डबा मागच्या हौद्यात नीट लावून ठेवला होता. पाऊस बारीक पडत होता आणि ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या जुन्या इमारतीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली अंधारच होता, म्हणून मी हेडलाइट लावले, डिझेल इंजिन आधी तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले आणि किल्ली फिरवली. इंजिन हलले नाही. मी पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली, मग रागाने चार-पाच वेळा लागोपाठ फिरवली. वॉचमन म्हणाला बॅटरी गेली, दूध आणायला निघालेले दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले बॅटरी गेली, आणि शेतावरून चुलतभावाने फोनवरच निदान केले की पावसात बॅटरी बसते. मी बॅटरी काढली, रिक्षात घालून दुकानात नेली, आणि जुनी देऊन सहा हजारांच्या वर पैसे मोजून नवी घेऊन आले. ती बसवली. किल्ली फिरवली. इंजिन हलले नाही. तेव्हा कुठे मी मिस्त्रींना फोन केला, आणि सगळी हकीकत त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "ताई, आवाज कसा आला?"

मला सांगता आले नाही.

गेली चार वर्षे, म्हणजे बाबा गेल्यापासून, ही जीप मीच चालवते. तिचा गिअर थंडीत दुसऱ्यात जाताना कुठे अडतो ते मला ठाऊक आहे, फोर व्हीलचा दांडा ओढताना किती जोर लावायचा ते ठाऊक आहे, शेताच्या वाटेवरच्या ओढ्यात पाणी कुठल्या दगडाच्या वर गेले की परत फिरायचे तेही ठाऊक आहे. आणि त्याच सकाळी निदान आठ वेळा मी किल्ली फिरवली होती. तरी मिस्त्रींनी विचारल्यावर मी "आवाज म्हणजे, चालू नाही झाली" एवढेच बोलू शकले. त्यांनी पुढे विचारले, "टकटक झालं, का एकदाच टक् झालं, का घुर्र करून थांबली, का काहीच नाही?" मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला आठवला तो पत्र्यावरचा पाऊस, वॉचमनचे बोलणे आणि माझ्या मनात चाललेली भावाला काय सांगावे याची घालमेल. गाडीचा आवाज माझ्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. मंगळवारी येतो म्हणून मिस्त्रींनी फोन ठेवला. त्यांच्या बोलण्यात नापसंतीचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच की काय, तो प्रश्न मला रात्रीपर्यंत टोचत राहिला.

बाबांना असे कोणी विचारले असते तर त्यांनी आवाज काढूनच दाखवला असता. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे लेथवर काढली. धातूवर टूल कसे बसले आहे हे लेथवाल्याला आधी कानाने कळते आणि मग डोळ्याने दिसते, असे ते सांगत. घरी पंख्याच्या बेअरिंगपासून मिक्सरच्या कार्बनपर्यंत काहीही बिघडले, तरी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ते मान थोडी तिरकी करून उभे राहत. आम्हां मुलांना त्या वेळी गप्प बसावे लागे. मला लहानपणी त्या शांततेचा कंटाळा येई. काहीतरी उघडले, खोलले, आत काय आहे ते दिसले की मजा असते, आणि बाबा तर नुसते उभे असत. माळशेज घाटात एकदा जीप धापा टाकून बंद पडली, तेव्हाही ते असेच उभे राहिले होते. मी नववीत असेन. धुके इतके दाट होते की बॉनेट उघडल्यावर त्याच्या आतही धुके शिरले. त्यांनी मला किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः इंजिनावर वाकले. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटार, इंजिन जोरात, मोकळे फिरवत होता, पण ते पेटत नव्हते. "सेल्फ बरोबर आहे, बॅटरी बरोबर आहे. तेल पोचत नाही. एअर घेतलीय," असे ते म्हणाले, आणि त्यांनी फिल्टरवरचा एक स्क्रू सैल करून हातपंप अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. स्क्रूच्या कडेने आधी फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा, फुसफुस आवाज करणारा. तो कितीतरी वेळ येत राहिला. बाबांचा अंगठा पांढरा पडला होता. मग फेसात मधूनमधून तेल दिसू लागले, बुडबुडे मोठे आणि विरळ झाले, आणि शेवटी एकही बुडबुडा नसलेली, मधासारखी सरळ धार आली. त्यांनी स्क्रू आवळला. डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून मूळच्या विसाव्या हिश्श्याइतकी केली की ती इतकी तापते की तेल आपोआप पेट घेते. पण तेलाच्या नळीतच हवा शिरली, तर पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि इंजेक्टरपर्यंत तेल पोचत नाही. हे सगळे त्यांनी मला परतीच्या वाटेवर, वायपरच्या तालावर समजावून सांगितले होते. मला ते समजले होते, आणि लक्षातही राहिले होते. ऐकायचे तेवढे राहून गेले.

त्या रात्री जेवताना मी आईला मिस्त्रींचा प्रश्न सांगितला. सांगण्यात थोडी तक्रार होती, की फोनवर आवाज सांगून कुठे दुरुस्ती होते का. आई ताकात मीठ ढवळत होती. ती म्हणाली, "एकदाच टक् झालं. तू किल्ली फिरवलीस की दर वेळेला एकदाच. आणि भिंतीवरचा उजेड मंदावला नाही." मी तिच्याकडे पाहत राहिले. आमचे स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर आहे आणि त्याच्या गॅलरीखालीच जीप उभी असते, कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून. आई आयुष्यात कधी गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलेली नाही. पण बाबा पहिल्या पाळीला पहाटे जीप काढत, तेव्हापासूनची तिची सवय अशी, की खालून इंजिनाचा आवाज येईपर्यंत गॅलरीत थांबायचे आणि गाडी फाटकाबाहेर पडली की मगच आत वळायचे. "तुझे बाबा असताना कधीकधी सेल्फ ओढायचा नाही, तेव्हा हा उजेड पार लाल व्हायचा. मग मी वरूनच सांगायचे, आज बॅटरीत पाणी घाला. आज तसं झालं नाही. म्हणून मला वाटलं बॅटरी नसेल," असे ती म्हणाली. मी विचारले, मग तू बोलली का नाहीस? तिने ताकाचा पेला माझ्यापुढे सरकवला. "तू घाईत होतीस. आणि सगळे सांगत होते ना तुला."

हे ऐकून माझ्या पोटात जे तुटले ते अजून तसेच आहे.

मंगळवारी मिस्त्री आले. पासष्टीच्या पुढचे गृहस्थ, पिशवीत दोन रिंग पाने, टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर आणि एक जुना मीटर, एवढाच सरंजाम. मी त्यांना आईचे उत्तर सांगितले. त्यांनी गॅलरीकडे पाहून "वहिनी, उजेड अजिबात नाही ना मंदावला?" असे खालूनच विचारले, आईने "नाही" म्हटले, आणि त्यावर विश्वास ठेवून त्यांनी काम सुरू केले. मला त्यांनी सांगितले ते असे. किल्ली फिरवल्यावर सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने ओढला जाणारा चुंबकी खटका, आधी आत ओढला जातो. त्याला थोडासाच करंट लागतो, आणि टक् असा आवाज येतो तो त्याचा. त्याने आतला मोठा संपर्क जुळवला की खरा करंट सेल्फला मिळतो. बॅटरी बसलेली असली, तर तो मोठा भार पडताक्षणी व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, सुटल्यावर व्होल्टेज पुन्हा वर येते, तो पुन्हा ओढला जातो, आणि सुपारी कातरावी तशी टकटकटक ऐकू येते. दिवे त्याबरोबर मरतात. इंजिन जड फिरले, तर बॅटरी अर्धवट आहे किंवा वायरीत कुठे अडथळा आहे. हलके फिरून पेटले नाही, तर हीटर किंवा तेल. सेल्फ नुसताच सूं करून मोकळा फिरला आणि इंजिन जागचे हलले नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणारे दातेरी चाक. काहीच आवाज नसला, तर फ्यूज, रिले किंवा किल्लीचा स्विच. आणि दिवे लख्ख असताना एकच टक्, याचा अर्थ बॅटरीत वीज आहे, सोलेनॉइड जिवंत आहे, पण सेल्फपर्यंत पुरेसा करंट जात नाही. "आता एक तर सेल्फचे कार्बन किंवा आतले पॉइंट जळालेत, नाही तर रस्ता खराब आहे. सेल्फ काढायचा म्हणजे चिखलात झोपावं लागेल. आधी रस्ता बघू," असे ते म्हणाले.

रस्ता हा त्यांचा शब्द मला फार आवडला. हेडलाइटचा एक बल्ब ५५ वॉटचा, १२ व्होल्टला त्याला पाच अँपिअरही लागत नाहीत. सेल्फ मात्र डिझेल इंजिन फिरवताना २०० अँपिअरच्या घरात ओढतो. पाचासाठी पायवाट चालते, दोनशेला हमरस्ता लागतो, आणि त्या हमरस्त्यात ओहमच्या नुसत्या पन्नासाव्या भागाइतका अडथळा आला तरी बारापैकी चार व्होल्ट तिथेच खर्च होतात. हे ओहमच्या नियमाचे साधे गणित मी शाळेत कितीदा सोडवले होते. मोटारगाडीला विजेचा सेल्फ बसला तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये. तो सेल्फ बनवणारे अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंग यांनी त्याआधी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार जोडली होती, आणि काही क्षणच फिरायचे असेल तर लहान मोटारीकडूनही खूप जोर घेता येतो हे त्यांना तिथे उमगले होते. म्हणून सेल्फ दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि दोनदा मारताना मध्ये थांबावे, असे बाबा बजावत. सेल्फ येण्याआधीच्या काळात हँडल मारावे लागे. आमच्या आजोळी एका सावकाराची हँडलची जीप होती, आणि मामा सांगत असे की हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून गुंडाळायचा नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडते. ज्या जोरासाठी माणसाचे मनगट पणाला लागत होते, तो सगळा जोर आता एका वायरीतून यायचा असतो, आणि वेगळ्या वाटेने बॅटरीकडे परतही जायचा असतो.

परत जाण्याची ती वाट म्हणजे अर्थिंग: इंजिनापासून चासीतून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, बॅटरीच्या उणे टोकापर्यंत. मिस्त्रींनी मीटरची एक पिन बॅटरीच्या अधिकच्या टोकावर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर धरली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. काटा जेमतेम हलला. मग एक पिन उणेच्या टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. मी किल्ली फिरवली. टक्. या वेळी तो मी ऐकला. कोरडा, आखूड, कोणी दाराची कडी एकदाच उचलून ठेवावी तसा, आणि त्याच्यानंतरची पोकळीही ऐकली. मिस्त्रींनी मीटर माझ्याकडे वळवला. अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा होता तो काटा साडेआठवर होता. म्हणजे नव्या बॅटरीचे बारातले साडेआठ व्होल्ट परतीच्या वाटेवर अडून बसले होते. "तुम्हाला जळका वास आला होता का?" त्यांनी विचारले. आला होता. रविवारी सहाव्या-सातव्या वेळेला प्लास्टिक तापल्यासारखा वास आल्याचे मला आता आठवले, पण तो शेजारच्या कचऱ्याचा असेल असे मी धरून चालले होते. त्यांनी अॅक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवायला सांगितले. इंजिनाच्या भिंतीजवळ तिचे काळे आवरण मऊ पडून थोडे वितळले होते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, रबरातून वीज जात नाही. हक्काची वाट बंद झाली की करंट जी सापडेल ती लोखंडाची तार धरून परत जाऊ पाहतो, आणि ती बिचारी बारीक केबल तापते. आणखी दहा वेळा मी किल्ली फिरवली असती, तर तिथे धूर निघाला असता.

मिस्त्रींनी जंपर केबलचा एक चिमटा बॅटरीच्या उणे टोकाला लावला आणि दुसरा इंजिन उचलायच्या हुकाला. "मारा." मी हीटरचा दिवा विझू दिला आणि किल्ली फिरवली. सेल्फने असे घेतले की अख्खी जीप एका कुशीवर हलली, आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटले. गॅलरीत आई हात पुसत उभी होती.

त्यानंतर ते अंगाखाली गोणपाट घेऊन चिखलात झोपले आणि अर्थिंगची पट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. तांब्याच्या बारीक तारांची विणलेली चपटी वेणी, हाताच्या वितीपेक्षा थोडी मोठी, दोन्ही टोकांना भोक असलेल्या टिकल्या. तार एकही तुटलेली नव्हती. गिअरबॉक्सकडच्या टोकाला जरासे हिरवे फूल आले होते, तेवढे खाडीकाठच्या हवेत येतेच. दुसरे टोक, चासीला बसणारे, वरून स्वच्छ दिसत होते. मी ते उलटे केले. टिकलीच्या पोटाला काळा, चकचकीत, रबरासारखा रंग लागलेला होता, आणि चासीवर जिथे ती बसायची तिथेही तोच रंग, तिच्या आकाराचा गोल ठसा उमटलेला. तो रंग मी ओळखला. तो मीच लावून घेतला होता.

मे महिन्यात. गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतल्यावर मला वाटले होते की आता ही गाडी टिकायला हवी, ओढ्याच्या पाण्याने आणि चिखलाने हिचा पत्रा खाल्ला जाता कामा नये. म्हणून बाबांनी कधी केले नव्हते ते मी केले, खालून पूर्ण रंग मारून घेतला. रंगवणाऱ्याने पट्टी काढली, सगळीकडे सारखा रंग मारला आणि त्याच रंगावर पट्टी पुन्हा आवळून टाकली. बोल्टच्या आट्यांमधून जो काय थोडा संपर्क होता त्यावर जून निघाला. मग पाऊस आट्यांत शिरला, गंज धरला आणि वाट बंद झाली. त्या माणसाला मी दोष देऊ शकते आणि त्या दिवशी मनातल्या मनात दिलाही. पण गाडी घेताना मी खाली वाकून पाहिले होते, काळाभोर रंग पाहून मला आनंद झाला होता, आणि लोखंडाची एक टिकलीएवढी जागा उघडी राहायला हवी होती हे माझ्या मनातही आले नव्हते. जपायचे म्हणून जे केले त्यानेच गाडी बंद पडली, हे पचायला मला वेळ लागतो आहे. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने चासीवरची ती जागा घासली. आधी काळी धूळ पडली, मग तांबूस, आणि मग रुपयाएवढे पांढरे, उजळ लोखंड वर आले. त्यांनी पट्टी त्यावर बसवून आवळली आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडली. घासताना ते म्हणाले, "रंग नंतर वरून मारायचा असतो. आत नाही."

जुन्या बॅटरीचे दुःख वेगळे. दुकानातल्या मुलाने रविवारी मला विचारले होते, की मॅडम, मशीनवर लावून बघू का, पाच मिनिटांचे काम आहे. मी नको म्हणाले. ती बॅटरी चांगली होती, निदान अजून एक पावसाळा तरी चालली असती, हे आता मला जवळजवळ नक्की वाटते. मिस्त्रींना मी ते बोलून दाखवले, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मजुरीचे मी दिलेले पैसे त्यांनी न मोजता खिशात घातले आणि आईने केलेला चहा बशीत ओतून प्यायले. जाताना त्यांनी पुन्हा एकदा जीप बंद करून चालू करायला लावली, आणि ती चालू होताना ते डोळे मिटून उभे होते, मान थोडी तिरकी करून. मी ती मान ओळखत होते.

बाबांची एक वही डॅशबोर्डच्या खणात असते. तिच्यात किलोमीटर, डिझेल, ऑइल बदलल्याच्या तारखा आणि मधूनमधून अशा ओळी: "सकाळी दोन सेल्फ लागले. थंडी." "आवाज जड. टर्मिनल साफ केले." माळशेजच्या दिवशी "सुपर्णा नसती तर दोन हात पुरले नसते" असे माझ्याबद्दल काही लिहिले असेल म्हणून मी शोधले होते, पण तिथे फक्त "एअर काढली" एवढेच लिहिलेले आहे. ते गेल्यानंतर मी त्या वहीत केवळ डिझेलचे आकडे लिहीत आले. मंगळवारी संध्याकाळी पाऊस थांबल्यावर मी जीपमध्ये जाऊन बसले, वही मांडीवर घेतली आणि तारीख घातली. मग वर पाहून आईला हाक मारली आणि विचारले, की रविवारी किती वेळा झाले ते टक्, मोजले होतेस का. आई गॅलरीत आली. "आठ," ती म्हणाली. मी लिहिले: सेल्फ घेतला नाही. एकच टक्, आठ वेळा. उजेड मंदावला नाही (आई). अर्थिंग, चासीकडचे टोक, खाली रंग.